वळवाचा ढग आणि फोटोंमधला गॅप

प्रश्न : ताई, आमचं हडपसरला मंडपाचं काम आहे. मे महिन्यात सकाळी कडक ऊन, अंदाजात नुसतं "दुपारनंतर विजांसह पाऊस", आणि चार-साडेचारला असा वारा सुटतो की पत्रे उडतात, कधी गारा पण. एवढे सॅटेलाइट वर असून तासभर आधी नेमकं का सांगता येत नाही? मोबाईलवर ते फोटो बघून आम्हाला काही कळेल का?

उत्तर : दादा, सॅटेलाइट आहेत हो, खरी गोची दोन फोटोंमधल्या वेळेची आहे. आपल्या इन्सॅट-३डीआर या हवामान उपग्रहाला पृथ्वीची दिसणारी अख्खी बाजू स्कॅन करायला २६-२७ मिनिटं लागतात म्हणजे अर्ध्या तासाला एक फोटो, जोडीचा दुसरा उपग्रह आलटून पालटून चालवला की १५ मिनिटांनी. आणि वळवाचा ढग तेवढ्यात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगून १२-१५ किलोमीटर वर गेलेला असतो, म्हणजे आधीच्या फोटोत बारका ठिपका आणि पुढच्यात थेट वादळ.

यावर उपाय म्हणजे रॅपिड स्कॅन. अख्खी पृथ्वी सोडून छोटाच पट्टा परत परत टिपायचा. आपण चक्रीवादळाच्या वेळी हे करतो, जपानचा हिमावारी ठरावीक भागाचा फोटो अडीच मिनिटांनी देतो आणि अमेरिकेचे २०१६ सालच्या गोज-१६ पासूनचे गोज उपग्रह तर साधारण १००० किलोमीटरच्या चौकोनाचा दर मिनिटाला! ढग जितका वर चढेल तितका त्याचा माथा गार, मग तो किती झपाट्याने गार होतोय ते इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या फोटोत, दिसतं, रडारवर जोरदार पाऊस उमटायच्या आधीच. वर सपाट पसरलेल्या ढगातून मध्येच एक टेंगूळ वर येतं, खालून हवेचा जबरदस्त झोत चढतोय त्याची ती खूण, पण ते काही मिनिटंच टिकतं, अर्ध्या तासाच्या फोटोत सापडलं तर नशीब. मला मनापासून वाटतं की एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे रोज दुपारी असा स्कॅन हवाच, शेतात माणसं विजेने जातात हो.

तरी सॅटेलाइटला माथाच दिसतो, पोटातल्या गारांसाठी रडार लागतं. आणि इस्रोच्या मोसडॅक वेबसाइटवर फोटो बघाल तर एक लक्षात ठेवा, उपग्रह विषुववृत्तावरून तिरका बघतो त्यामुळे हडपसरवरच्या १५ किलोमीटर उंच ढगाचा माथा फोटोत पाच-सहा किलोमीटर उत्तरेला, म्हणजे खराडीच्या आसपास दिसतो. "आपल्यावर नाहीये" म्हणून निवांत बसू नका.

तुमच्या कामाला सकाळच्या अंदाजापेक्षा हवामान खात्याचा नाऊकास्ट, म्हणजे पुढच्या तीन तासांचा अंदाज, जास्त उपयोगी, दुपारी दोननंतर तो बघत राहा. सोबत आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप ठेवा, जवळपास वीज पडतेय का ते कळतं. आणि गडगडाट ऐकू आला की पोरांना लोखंडी पाइपांवरून लगेच खाली उतरवा, मंडपात न थांबवता पक्क्या इमारतीत न्या, शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास तरी परत चढवू नका.