कासवांच्या किनाऱ्यांचे नकाशे काढून पोट भरतं का?

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. दोन हंगाम ती पहाटे गावातल्या कासवमित्रांबरोबर किनारा फिरते. आता म्हणते, 'कासवं अंडी घालतात त्या किनाऱ्यांचे नकाशे करणार, तेच शिकणार.' यात पोट भरतं का?
– एक आई, दापोली तालुका

ताई, निव्वळ कासवांवर भरणारी पोटं आपल्याकडे थोडी. नकाशांवर भरणारी बरीच. मुलीचा हट्ट अर्धा बरोबर आहे, आणि नेमका तोच अर्धा तुम्हाला वेडेपणा वाटतोय.

एकदा पहाटे तिच्याबरोबर जाऊन बघा. मादीचा माग पाण्यातून वर येतो, परत पाण्यात जातो. त्यावरून घरटं शोधायचं, शंभर-सव्वाशे अंडी मोजून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या जागेत हलवायची, म्हणजे कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचतात. पण हलवण्याआधी मूळ जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, भरतीच्या रेषेपासूनचं अंतर टिपलं नाही, तर कासव नेमकं कुठे आलं होतं हे पुसलंच जातं. वेळासला २००२ पासून हे संवर्धन चालू आहे. घरट्यांचा आकडा सगळे विचारतात, जागा फार थोडे. कायद्याला मात्र जागाच लागते. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवर काय बांधायचं-करायचं याच्या नियमांत कासवांच्या विणीची जागा सर्वांत कडक गटात, १-अ मध्ये येते. बंधारा किंवा रिसॉर्ट यायचं म्हटलं की आधी नकाशा उघडतात. तिथे खूण नसेल तर गावाने कितीही सांगितलं तरी जड जातं.

शिक्षणाचं सोपं आहे. भूगोल किंवा प्राणिशास्त्रात बीएस्सी, मग जिओइन्फॉर्मेटिक्समध्ये, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याच्या विद्येत एमएस्सी. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतही एमएस्सी आहे, पण जागा मोजक्या. डेहराडूनचीच आयआयआरएस, म्हणजे इस्रोची उपग्रह-चित्रं आणि नकाशांचं शिकवणारी संस्था, ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत शिकवते. वन्यजीवांच्या प्रकल्पांवरची कामं बहुतेक कंत्राटी असतात, हे तिला आत्ताच सांगा. प्रकल्प संपला की तीच विद्या महापालिकेच्या, पाणीपुरवठ्याच्या, पर्यावरण सल्लागारांच्या कामी येते. त्यामुळे उपाशी राहणार नाही.

अडचण वेगळीच आहे. कासवांचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, आणि बोर्डाची परीक्षाही त्यातच! म्हणून यंदा फक्त रविवारी किनारा, आणि वहीत नोंदी. परीक्षा संपली की संगणकावर क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. त्या नोंदी तिला नकाशावर चढवू द्या. आठवडाभर माऊस सरकवून कंटाळली, तर तिला किनारा आवडतो, नकाशे नाहीत. मग प्राणिशास्त्राचं बघू. नाही कंटाळली, तर तो नकाशा मला पाठवा.