डार्क चॉकलेट चांगलं आहे की नाही, हे चाखून कसं ओळखायचं?

आधी वेष्टनाची मागची बाजू वाचा. कोको बटरऐवजी, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीऐवजी, पाम तेलासारखं वनस्पती तेल असेल, तर ते 'कंपाऊंड' चॉकलेट; त्याला मी गुणच देत नाही.

फ्रिजमधलं चॉकलेट वेष्टनासकट अर्धा तास बाहेर ठेवा, गार असताना चव कळत नाही. तुकडा मोडताना 'कट्' असा आवाज यायला हवा. वर पांढुरकी झाक दिसली तर ती बहुधा बुरशी नसते, उष्णतेने वर आलेलं कोको बटर असतं. खायला चालतं, पण पोत बिघडतो.

आता मुख्य गोष्ट: चावू नका. जिभेवर ठेवून विरघळू द्या. कोको बटर सुमारे ३४ अंशांना वितळतं, म्हणजे तोंडाच्या उष्णतेलाच. नाक चिमटीत धरून सुरुवात करा. फक्त कडू-गोड लागेल. मग नाक सोडा, वास एकदम उलगडतो. मादागास्करच्या कोकोत लालसर फळांचा आंबटपणा सापडतो, तो मला फार आवडतो.

७० टक्के हा आकडा दर्जाचा नाही, कोकोच्या प्रमाणाचा आहे. माझे निम्मे गुण गिळल्यानंतरच्या चवीला. ती मिनिटभर रेंगाळली आणि घसा कोरडा पडला नाही, तर चॉकलेट उत्तम.