कुंडीतला मोगरा पिवळा पडलाय

प्रश्न: ताई, आमचं घर बेळगावात टिळकवाडीत, टेरेसवर चार कुंड्या आहेत. जूनपासून पाऊस थांबायचं नावच घेत नाही आणि मोगऱ्याची पानं पिवळी पडायलीत. खत घालू काय?

उत्तर: नको ओ, आत्ता अजिबात नको! मुळं पाण्यात गुदमरायलीत, त्यात खत म्हणजे अजून ताप. कुंडीखालची ताटली काढा, भोक काडीनं मोकळं करा, कुंडी दोन विटांवर ठेवा आणि पत्र्याखाली सरकवा, वरची माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पाणी बंद. आमच्या खानापूरकडं तर पाऊस याहून जास्त, मी दोन मोगरे असेच घालवले. छाटणी थंडी सरताना करा, मग शेणखत घाला, उन्हाळ्यात कळ्या येतील बघा.