टॉर्टला बेअर ॲक्टच नाही, मग पाठ काय करू?

लॉच्या पहिल्या वर्षाची पोरंपोरी माझ्याकडे येतात ना, त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं एकच असतं. कॉन्ट्रॅक्टला १८७२ चा कायदा आहे, न्याय संहितेला कलमं आहेत, बेअर ॲक्ट म्हणजे नुसत्या कलमांचं पुस्तक घ्या आणि बसा वाचत, पण टॉर्टला म्हणजे अपकृत्याच्या, कोणी आपल्या हक्काला धक्का लावला तर भरपाई मागायच्या कायद्याला असं काही पुस्तकच नाही, नुसते इंग्लंडचे जुने निकाल आणि त्यात लॅटिन, आणि आम्ही पडलो मराठी मिडियमचे, हे आपल्याच्यानं होणार नाही, लॉ सोडून देऊ का. मागच्या पावसाळ्यात हाच प्रश्न घेऊन एक पोरगा आला होता, त्याची गोष्ट सांगते. त्याला विचारूनच सांगतेय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मी दर रविवारी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात बसते. आधी एलएलबी केलं, काही वर्षं कोर्टात काढली, मग समुपदेशनाकडे वळले, म्हणून लॉची पोरं माझ्याकडे जरा जास्तच पाठवली जातात. हा पोरगा एसटीनं आला होता, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, आणि आल्या आल्या म्हणाला, "मॅडम, मले टॉर्टचं काहीच समजून नाही राह्यलं." पहिल्या सेमिस्टरला तेवढाच एक पेपर राहिला होता, बाकी सगळे निघाले होते. मी म्हटलं रजिस्टर दाखव. चार रेघी मोठं रजिस्टर, आणि एका पानावर "डॅमनम साइन इंज्युरिया" आणि "इंज्युरिया साइन डॅमनम" हे दोन शब्द एकाखाली एक आठ-दहा वेळा लिहिलेले, कधी निळ्या पेनानं, कधी काळ्या, आणि खालच्या दोन ओळींत तर पेन इतकं दाबलेलं की कागद फाटला होता. अर्थ मात्र कुठंच लिहिलेला नव्हता.

ते फाटलेलं पान मी पाहिलं आणि तरी त्या दिवशी मी चूक केली हे कबूल करते. मी त्याला टाइमटेबल आखून दिलं, रोज दीड तास टॉर्ट, आठवड्याला दोन केस, वगैरे. तो "हाव मॅडम" म्हणाला आणि तीन आठवडे आलाच नाही. भीती बसलेल्या पोराला टाइमटेबल दिलं की त्याच्या डोक्यावर अजून एक ओझं येतं, हे मला माहीत असायला पाहिजे होतं.

चौथ्या रविवारी आला तेव्हा रजिस्टर आणलंच नव्हतं. मीपण टॉर्टचं नाव काढलं नाही, वावरात काय चाललंय एवढंच विचारलं. आणि मग हा पोरगा जो बोलायला लागला! त्यांचं चार एकर वावर, कपाशी आणि मधात तूर, कपाशी पात्यांवर म्हणजे कळ्यांवर आलेली, आणि शेजारच्या कास्तकारानं धुऱ्यावरच्या म्हणजे बांधावरच्या गाजरगवतावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलं, तेही भर वाऱ्याच्या दिवशी. आठवडाभरात यांच्या धुऱ्याकडच्या दहा-बारा ओळींतली कपाशी वेडीवाकडी झाली. त्यानं मोबाइल काढून फोटो दाखवला. ज्यांनी पाहिलं असेल त्यांना माहीत आहे, टू-फोर-डीचं वारं लागलेल्या कपाशीचं पान कपाशीचं राहतच नाही, भेंडीच्या पानासारखं चिरलेलं, अरुंद, शिरा जवळ आलेल्या, शेंडा मुरगळलेला. त्यानं फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाला, "हे पाहा मॅडम, पात्या गळून राह्यल्या. बाबा त्याले बोलले, तं तो म्हणते वारं काय माह्या हातात हाये का?"

मी विचारलं, मग तू काय म्हणशील त्याला?

तर तो पंधरा-वीस मिनिटं न थांबता बोलला. की त्याला दिसत होतं ना धुऱ्याला लागून कपाशी आहे, की टू-फोर-डी कपाशीला चालत नाही हे कृषी केंद्रवालापण सांगतो, की दोन दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं, की त्याच्या स्वतःच्या वावरात सोयाबीन आहे, सोयाबीनकडून वारं यांच्याकडे होतं म्हणून त्यानं विचारच केला नाही. मी त्याच्या बोलण्यातले चार मुद्दे माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले आणि पान त्याच्यापुढं सरकवलं. काळजी घ्यायचं कर्तव्य होतं. ते पाळलं नाही. त्यामुळंच नुकसान झालं, दुसऱ्या कशानं नाही. आणि असं होऊ शकतं हे आधी दिसण्यासारखं होतं. म्हटलं, बाबू, यालाच निग्लिजन्स म्हणतात, म्हणजे निष्काळजीपणा, आणि तू ज्या पेपरला नापास झालास त्याचा सगळ्यात मोठा धडा आत्ता तू मला शिकवलास.

तो बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला.

मग मी त्याला गोगलगायीची केस सांगितली, पुस्तकातून नाही, गोष्टीसारखी. १९२८ चा ऑगस्ट, स्कॉटलंडमधलं पेझली गाव, मे डोनोह्यू नावाची बाई मैत्रिणीसोबत कॅफेत गेली, पैसे मैत्रिणीनं दिले. जिंजर बिअरची बाटली गडद रंगाची, आतलं दिसत नव्हतं, अर्धी ओतून पिऊन झाली आणि उरलेली ओतली तर त्यातून सडलेली गोगलगाय बाहेर आली असं तिचं म्हणणं. बाई आजारी पडली. आता ती कोणाला धरणार? कॅफेवाल्याशी तिचा करार नाही कारण बाटली तिनं विकत घेतलीच नव्हती, आणि बनवणाऱ्या स्टीव्हन्सनला तर तिनं पाहिलंपण नव्हतं. बाई गरीब, दुकानात काम करणारी, वरच्या कोर्टात जायला पैसे नाहीत, म्हणून गरीब पक्षकार म्हणून तिची केस चालली, आणि १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तीन विरुद्ध दोन अशा मतांनी तिच्या बाजूनं कौल दिला. लॉर्ड ॲटकिन यांनी विचारलं की कायद्यात माझा शेजारी कोण, आणि उत्तर दिलं की माझ्या वागण्याचा ज्याच्यावर थेट परिणाम होईल आणि वागताना ज्याचा विचार मी करायला पाहिजे, तो. बाटलीत गोगलगाय खरंच होती का हे तर कोर्टात कधी सिद्धच झालं नाही, प्रश्न एवढाच होता की असेल तर बनवणारा जबाबदार धरता येतो का.

"म्हंजे शेजारी म्हंजे धुऱ्याचाच नाही," तो म्हणाला. मी म्हटलं नाही, पण तू धुऱ्यापासून सुरू कर, तुला तिथूनच दिसतं.

इथे मला लॉच्या सगळ्या पोरांना एक सांगायचंय. टॉर्टला बेअर ॲक्ट नाही ही भीतीची गोष्ट नाही. करार आपण ठरवून करतो, तिथं काय द्यायचं-घ्यायचं ते आधी ठरलेलं असतं. टॉर्टमधलं कर्तव्य कोणी ठरवून घेत नाही, ते कायद्यानंच सगळ्यांवर असतं, आणि नुकसानभरपाई किती ते कोर्ट नंतर ठरवतं. व्याख्या पाहिजेच असेल तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात कलम २ (एम) मध्ये एक ओळ आहे, की टॉर्ट म्हणजे असं दिवाणी गैरकृत्य जे निव्वळ कराराचा किंवा विश्वासाचा भंग नसतं. बस, एवढंच. बाकी सगळा विषय माणसांच्या भांडणांतून, एकेका निकालानं वाढत गेलाय, आणि भांडणं आपल्या गावात कमी आहेत का?

त्या दोन लॅटिन शब्दांचंही असंच झालं. मी विचारलं, तुमच्या गावात पिठाची चक्की किती? दोन, म्हणाला, दुसरी मागच्या साली झाली. मग पहिल्याचं गिऱ्हाईक कमी झालं? झालं ना. मग तो दुसऱ्यावर दावा करेल? नाही, कसा करेल, धंदा करायचा हक्क सगळ्यालेच आहे. ही झाली १४१० ची ग्लूस्टरच्या शाळेची केस, शेजारी दुसऱ्या मास्तरनं शाळा काढली, पहिल्याला फी चाळीस पेन्सवरून बारावर आणावी लागली, तरी भरपाई मिळाली नाही. नुकसान आहे, हक्कभंग नाही, हेच डॅमनम साइन इंज्युरिया. आणि ग्रामपंचायतच्या निवडणुकीत तुला बूथवरून परत पाठवलं, मत टाकू दिलं नाही, पण तुझाच माणूस निवडून आला, मग? तो थोडा थांबला. "पण मत तं माहं होतं ना." हेच, ॲशबी विरुद्ध व्हाइट, १७०३, ॲशबीचा उमेदवार निवडून आला होता तरी दाव्याचा हक्क मानला गेला. हक्कभंग आहे, पैशाचं नुकसान नाही, हे इंज्युरिया साइन डॅमनम. आपल्याकडची भीम सिंग यांची १९८५ ची केस याच रांगेतली, आमदाराला विधानसभेत जाण्यापासून अडवून ठेवलं, सुप्रीम कोर्टानं ५०,००० रुपये द्यायला लावले. त्यानं हे ऐकलं आणि माझं पेन घेऊन हातावर लिहिलं, एकीकडे चक्की, एकीकडे मत. ते मी अजून विसरले नाही.

पुढचे काही रविवार आम्ही असंच केलं. शेततळ्याची पाळ फुटून खालच्या वावरात पाणी गेलं तर काय, यावरून १८६८ ची रायलँड्स विरुद्ध फ्लेचर, गिरणीवाल्यानं बांधलेल्या तलावाचं पाणी शेजाऱ्याच्या खाणीत गेलेलं, म्हणजे जमिनीचा नेहमीचा नसलेला वापर करून धोक्याची वस्तू साठवली आणि ती बाहेर सुटली, तर निष्काळजीपणा नसला तरी जबाबदारी येते. रानडुकरासाठी कुंपणात करंट सोडतात आणि त्यात माणूस मरतो, आपल्या भागात हे दर साली पेपरात येतं, त्यावरून चेरुबिन ग्रेगरीची केस, बिहारची, संडासाच्या वाटेवर जिवंत तार सोडली आणि शेजारची बाई मेली. ती केस फौजदारी आहे, पण सुप्रीम कोर्टानं सांगितलं की न विचारता आत शिरणाऱ्यासाठीसुद्धा असा सापळा लावता येत नाही, म्हणून टॉर्टच्या वर्गातपण ती शिकवतात. हे शिकताना तो गप्प झाला होता, त्याच्या ओळखीत असं काही घडलं असावं, मी खोदलं नाही.

शेजाऱ्याच्या "वारं माह्या हातात नाही" यावर मात्र खूप वाद झाला. देवाची करणी म्हणजे ॲक्ट ऑफ गॉड हा बचाव आहेच, पण तो लागतो ते कधी नाही असं, कोणाला अंदाजच येऊ नये असं काही घडलं तर. श्रावणातलं वारं काय कोणाला नवीन आहे? तो म्हणाला नाही. मग मी उलट्या बाजूनं भांडले, की फवारणी तर सगळेच करतात, वावरात फवारा मारणं हा जमिनीचा नेहमीचाच वापर, मग रायलँड्स कशी लावशील? त्याचं उत्तर त्याला लगेच सापडलं नाही आणि मला ते फार आवडलं. कारण न सापडलेल्या उत्तराला आता तो घाबरत नव्हता.

पण खरं दुखणं अजून बाकी होतं. त्यानं घरी निकाल लागलाच नाही असं सांगितलं होतं. बाप जिथं भेटेल तिथं सांगतो माझा पोरगा वकील होऊन राहिला, आणि याच्या पोटात गोळा. हे त्यानं मला पाचव्या भेटीत सांगितलं, तेही निघता निघता, दारात चप्पल घालताना. मी त्याला "सांगून टाक" म्हटलं नाही. एवढंच विचारलं की घरात पहिल्यांदा कोणाला सांगणं सोपं जाईल. तो म्हणाला, माय.

सांगितलं त्यानं, दिवाळीच्या आसपास, कापूस वेचताना. माय काही बोलली नाही, ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा केला आणि विचारलं, कोणता पेपर राह्यला? त्यानं टॉर्ट काय असतं ते सांगायचा प्रयत्न केला आणि शेजाऱ्याचंच उदाहरण दिलं. तर माय म्हणाली, "मंग त्यानं फवारायच्या आधी आवाज तं द्यायचा होता ना." पोरगा मला हे सांगत होता तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. ते वाक्य त्यानं रजिस्टरमध्ये निग्लिजन्सच्या धड्याच्या सुरुवातीला मराठीतच लिहून ठेवलंय, मी पाहिलंय.

वावराचं म्हणाल तर दावा वगैरे काही झाला नाही. मी त्याला स्पष्टच सांगितलं होतं की अभ्यासाचं उदाहरण वेगळं आणि बापाला कोर्टात नेणं वेगळं, तिथं फोटो लागतात, पंचनामा लागतो, तज्ज्ञाचं मत लागतं, साक्षीला माणसं लागतात, आणि शेजाऱ्याशी बैलबंडीचा रस्ता एकच आहे. बाप आणि शेजारी धुऱ्यावर बसून बोलले, शेजाऱ्यानं पुढच्या हंगामात धुऱ्याचं गवत विळ्यानं कापायचं कबूल केलं. पैसे दिले नाहीत. पोराला ते पटलेलं नाही, अजून नाही, आणि त्याचं म्हणणं चूक आहे असं मलाही वाटत नाही.

हिवाळी परीक्षेला त्यानं पेपर मराठीत लिहिला, त्याच्या कॉलेजात तशी सोय होती, केसची नावं तेवढी इंग्रजीत. निघाला. मार्क फार नव्हते, पण निघाला.

निकालाच्या पुढच्या रविवारी तो आला तो हातात घडी पडलेला एक कागद घेऊन, टू-फोर-डीच्या डब्यासोबत येतो तो, बारीक अक्षरांचा. कृषी केंद्रातून मागून आणला होता. मी म्हटलं हे कशाला, पेपर तर झाला. तर म्हणाला, "मॅडम, याच्यात छापलेलं हाये, वाऱ्यात मारू नका, कपाशीजवळ मारू नका. हे डब्यासंगच येते. मंग त्याले आधी दिसण्यासारखं नोयतं असं कसं म्हणता येईन?" आणि खुर्ची ओढून बसला.