डीलरकडची जुनी गाडी आणि पीयूसी

प्रश्न : डीलरकडून २०१८ची पेट्रोल गाडी घेतोय. पीयूसीला (प्रदूषण तपासणीच्या प्रमाणपत्राला) अजून चार महिने आहेत, नवी चाचणी कशाला, असं तो म्हणतो. त्याचं ऐकावं का?

उत्तर : कायद्यापुरतं त्याचं म्हणणं खरं आहे. पीयूसी गाडीच्या नंबरावर निघते, त्यामुळे मालक बदलला तरी मुदतीपर्यंत चालते. तुमची गाडी बीएस-४ (प्रदूषणाचं सरकारी मानक) असणार, म्हणजे पीयूसी वर्षाची. चाचणी होऊन आठ महिने लोटले. आज धुरात काय आहे ते त्या कागदावरून कळायचं नाही. आगाऊ रक्कम देण्याआधी नवी चाचणी करा, आणि केंद्र तुम्ही निवडा.

गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून थेट केंद्रावर न्या. थंड इंजिनात मिश्रणात पेट्रोल जास्त जातं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) तापलेला नसतो. मग चांगली गाडीसुद्धा नापास होते. तपासणीची नळी सायलेन्सरमध्ये निदान ३० सेंटिमीटर आत जायला हवी. तोंडाशीच अडकवली की बाहेरची हवा मिसळते आणि आकडे गोंडस येतात. हे मुद्दामही केलं जातं, तेव्हा समोर उभे राहा.

बीएस-४ पेट्रोलला आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळालेलं इंधन) २०० पीपीएम (दहा लाखांत २०० भाग) ही कमाल मर्यादा. मग २५०० आरपीएमच्या आसपास सीओ ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, त्याहून कमी म्हणजे पेट्रोल जास्त) ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. नुसता ‘पास’ शिक्का बघू नका. एकटा एचसी चढला असेल तर बहुधा मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणं) : प्लग किंवा त्याला वीज देणारी कॉइल. सीओ जास्त आणि लॅम्डा कमी असेल तर ऑक्सिजन सेन्सर किंवा गळका इंजेक्टर. लॅम्डा १.०३च्या वर गेला तर आधी सायलेन्सरचे जोड तपासा, तिथून हवा शिरत असते. लॅम्डा जागेवर असून सीओ, एचसी दोन्ही जास्त असतील तर संशय कन्व्हर्टरवर, आणि तो खर्च मोठा.

आणखी एक. चेक इंजिनचा दिवा बंद आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. स्कॅनरने बिघाडाचे कोड पुसले की तो विझतोच. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) लावून ‘रेडिनेस मॉनिटर’ बघा; कोणत्या भागाची स्वयंतपासणी पूर्ण झाली ते त्यात दिसतं. कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सरपुढे ‘अपूर्ण’ दिसलं, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. काही दिवस गाडी चालवून पुन्हा तपासायला सांगा. डीलर टाळाटाळ करू लागला तर दुसरी गाडी बघा.

प्रश्न : चाचणीत नापास झाली तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने?

उत्तर : १ एप्रिल २०२३पासूनच्या नियमांनुसार, मूळ मालकाने फॉर्म २९सी भरून गाडी अधिकृत डीलरच्या ताब्यात दिली की डीलरच मालक मानला जातो. तो फॉर्म आधी पाहा. नसेल तर समोरचा माणूस नुसता मध्यस्थ असू शकतो. दुरुस्तीचा खर्च मात्र सौद्यात ठरतो. ‘नवी पीयूसी पास झाल्यावरच उरलेली रक्कम’ हे पावतीवर लिहून घ्या.