काकू शुद्धीवर आल्या की भानावर?

इंदूरच्या रामबागेतून एका ताईंनी विचारलंय: काकूंच्या ऑपरेशननंतर डॉक्टर ‘होश आ गया’ म्हणाले, मराठीत शुद्ध, भान की जाणीव? आणि मुलाच्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातल्या ‘कॉन्शसनेस’ला यातला कुठला शब्द चालेल?

काकू शुद्धीवर आल्या. आपल्या इंदुरी मराठीत ‘होश आला’ही सर्रास म्हणतात, मला खटकत नाही. भानावर येतो तो मोबाईलमध्ये बुडालेला किंवा रागाच्या भरात काहीबाही बोलून गेलेला माणूस. त्याची शुद्ध गेलेलीच नसते. (‘खाण्यापिण्याची शुद्ध नाही’ म्हणतो तेव्हा मात्र शुद्ध भानाच्या अर्थाने येते.)

जाणिवेचं प्रकरण वेगळं. शुद्ध दुसऱ्याला तपासता येते. आयसीयूत ‘जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे शुद्धीची मोजपट्टी) किती?’ विचारतात ते त्यासाठीच: डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, असे जास्तीत जास्त १५ गुण, कशालाच प्रतिसाद नसला तरी ३ मिळतात. या मोजणीचं मूळ रूप १९७४ साली ग्लासगोत मांडलं गेलं. योगायोग असा, की त्याच वर्षी तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी वटवाघळाचा प्रश्न मांडला. त्याच्या कानांचं, मेंदूचं सगळं विज्ञान कळलं, तरी वटवाघूळ असणं त्याचं त्याला कसं वाटतं हे आपल्याला कसं कळणार? हे ज्याचं त्यालाच वाटणं म्हणजे जाणीव. तिला गुण कोण देणार?

मराठीत हा फरक आयता आहे, आणि तो कामी येतो. २००६ साली मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी एका अपघातग्रस्त तरुणीबद्दल लिहिलं. डोळे उघडायची, पण हाकेला ओ नाही. ‘टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर’ म्हटल्यावर मात्र स्कॅनमध्ये तिचा मेंदू धडधाकट माणसासारखाच चाळवलेला दिसला. आपल्या घरात ‘ती शुद्धीवर नाही’ म्हटलं असतं. संशोधकांच्या मते तिला जाणीव होती. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवा, मराठीत कुठेही विसंगती वाटत नाही.

राहिली चेतना. पाठ्यपुस्तकांनी चेतापेशी, चेतासंस्था करून ती शरीराकडे ओढून घेतली, ते बरंच झालं. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ साली ज्याला ‘हार्ड प्रॉब्लेम’ म्हटलं, तो त्यामुळे सरळ मांडता येतो: चेतापेशींच्या उलाढालीतून जाणीव मुळात उपजतेच का? मुलाला ‘जाणीव’च लिहू द्या. ‘चैतन्य’ नको, त्यात वेदान्त न बोलावता येतो, शिवाय दिवाळीत सराफ्यातही चैतन्यच पसरलेलं असतं.