कोलॅजन क्रीम आणि दुखण्याचा पॅच: कातडीतून आत काय जातं?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही महिनोन्‌महिने कोलॅजन क्रीम लावताय आणि फरक दिसत नाही, पण आईंना डॉक्टरांनी दिलेला फेंटानिलचा (अफूच्या जातीचं जोरदार वेदनाशामक) पॅच नुसता दंडावर चिकटवला तरी दुखणं उतरतं. दोन्ही कातडीवरच लावायचं, मग हे कसं? बडोद्यातल्या एका फॉर्म्युलेशन लॅबमध्ये मलमं आणि जेल करण्यात माझी २२ वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कातडीचं कामच मुळी बाहेरचं बाहेर ठेवण्याचं. सगळ्यात वर मेलेल्या पेशींचे १५-२० थर असतात. सगळे मिळून जाडी केसापेक्षाही कमी. पण त्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधे सेरामाइड, कोलेस्टेरॉल अशा स्निग्ध पदार्थांचा गिलावा. त्या गिलाव्यातून वाट काढायची तर रेणू लहान हवा, साधारण ५०० डाल्टनच्या (रेणूचं वजन मोजायचं एकक) आत, आणि तो थोडाफार तेलात मिसळणाराही हवा. फेंटानिल ३३६ डाल्टनचं, निकोटिन १६२. कोलॅजन जवळजवळ ३ लाख! ते वरच बसतं, ओलावा धरतं, चेहरा मऊ लागतो. तेही काही वाईट नाही, पण मग पैसे चांगल्या मॉइश्चरायझरएवढेच मोजावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

डब्यावर लिहिलेल्या औषधाच्या टक्क्यांवरही जाऊ नका. आम्ही फ्रान्झ सेल नावाच्या काचेच्या भांड्यात डुकराच्या कानाची कातडी ताणून बसवतो. ती ३२ अंशांवर ठेवायची, वर मलम लावायचं आणि ठरावीक तासांनी खालचं द्रावण काढून औषध किती उतरलं ते मोजायचं. औषध तेच, टक्केही तेच, फक्त बेस, म्हणजे औषध ज्यात मिसळतात ते मलम किंवा जेल, बदलला की आकडे कुठल्या कुठे जातात. बेसमध्ये औषध फारच छान विरघळलं तर ते तिथंच रमतं, कातडीकडे वळतच नाही. जेमतेम विरघळलेलं असलं तर बाहेर पडायला बघतं. हे पहिल्यांदा स्वतःच्या हातानं मोजलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती. व्हिटॅमिन सीचंही तसंच. साधं ॲस्कॉर्बिक ॲसिड असेल तर सीरमचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ३.५ च्या खाली लागतो, नाहीतर रेणूवर विद्युतभार येतो आणि तो वरच अडकतो.

मला खरी काळजी वाटते ती आत जाणाऱ्या गोष्टींची. दांडिया बाजारात आमच्याच वाड्यातल्या एका वहिनींनी वांगावर म्हणून दुकानातून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब आणली. पहिल्या महिन्यात चेहरा उजळला, म्हणून आठ महिने लावली. मग गाल लालभडक, कातडी पातळ, बारीक शिरा दिसायला लागल्या आणि बंद केलं की आग. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल लिहिलेलं होतं, जोरदार स्टेरॉइड. हायड्रोकॉर्टिसोनवर १९६७ साली केलेल्या मोजणीत हाताच्या तुलनेत कपाळातून सुमारे ६ पट आणि जबड्यातून १३ पट औषध आत गेलं होतं. म्हणजे हातावर चालतं ते चेहऱ्यावरही चालेल, हा हिशोबच चुकीचा. त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे मीच नेलं. इतके दिवस त्यांचा चेहरा रोज जिन्यात बघूनही मी विचारलं नाही, याचं वाईट आजही वाटतं.

आता आईंच्या पॅचबद्दल. त्यातून औषध ७२ तास थोडं थोडं रक्तात उतरतं. ऊब लागली की ते जास्त वेगानं उतरतं आणि श्वास मंदावू शकतो. म्हणून त्यावर शेकायची पिशवी नको, मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात बसणं नको, आणि ताप आला तर डॉक्टरांना लगेच फोन करा. आई फार गुंगल्यासारख्या वाटल्या, हाका मारूनही नीट जाग्या होत नसल्या किंवा श्वास संथ वाटला, तर पॅच काढून लगेच दवाखान्यात न्या. नवा पॅच लावताना जुना काढलाय ना ते आधी बघा, आणि पॅच कापून कधीच लावू नका. काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरतं. चिकट बाजू आत घेऊन तो दुमडा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका. घरात रांगतं बाळ असेल तर हे आजपासूनच करा.